अमळनेरच्या ताईंचं बाथरूम: ८५ हजार की १ लाख ९० हजार?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. अमळनेरला १९९८ सालचं घर. वरच्या मजल्यावर पाच बाय सात फुटांचं संडास-बाथरूम, त्याच्या बरोबर खाली हॉल, आणि हॉलच्या छताला दोन वर्षांपासून ओल. आईंचे गुडघे दुखतात म्हणून बसकं भांडं काढून कमोड बसवायचा आहे. श्रावणात कानबाई, आपल्या खानदेशातली देवी, बसणार, सगळे भाऊबंद रोटांच्या प्रसादाला घरी येणार, त्याआधी काम उरकायचंय. एका ठेकेदाराने ८५ हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख ९० हजार. तुमच्याकडे सव्वा लाख आहेत, आणि तुम्ही विचारताय की कुठली टाइल घेतली तर हिशेब बसेल.

मी जळगाव-भुसावळ भागात बावीस वर्षं घरांची कामं करतोय, त्यातली निम्मी तरी जुन्या घरांच्या दुरुस्तीची. त्या अनुभवावरून सांगतो, टाइल हा तुमच्या यादीतला शेवटचा प्रश्न आहे. खरी अडचण अशी की तुम्हाला मिळालेले दोन दर एकाच कामाचे नाहीत. पहिल्या ठेकेदाराने एका ओळीत लिहून दिलंय, "बाथरूम संपूर्ण, मटेरियलसह, ८५,०००." यात जुने पाइप बदलणार का, जमीन स्लॅबपर्यंत उकरणार का, हे कुठेच नाही. दुसऱ्याने तीन पानं दिली आहेत, पण त्यात भिंतीवर टांगलेला कमोड, भिंतीत लपवलेली टाकी, काचेचं पार्टिशन आणि मोठा रेन शॉवर आहे. पहिल्याच्या दरात बहुतेक तुमची गळती तशीच राहील. दुसऱ्याच्या दरात गळती थांबेल, पण तुम्हाला नको असलेल्या वस्तूंचे पैसे जातील.

आधी गळती कुठून आहे ते शोधा. याला एक रुपया लागत नाही. दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, मात्र वरच्या टाकीचा वॉल्व्ह चालू ठेवा. पाइपमध्ये पाणी भरलेलं राहील, फरशीवर मात्र एक थेंब पडणार नाही. तरीही हॉलच्या छताची ओल वाढत राहिली किंवा थेंब पडत राहिले, तर पुरवठ्याचा पाइप फुटलाय असं धरा. ओल सुकायला लागली तर दोष सांडपाण्याच्या पाइपात, न्हाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जोडात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. दुसरं, हॉलच्या छताला ओलीच्या जागी हातोडीच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकून बघा. बद आवाज आला, पोपडा सुटला आणि आत गंजलेली सळई दिसली, तर स्लॅबची दुरुस्ती वेगळी करावी लागेल. ती किती, हे वरची जमीन उकरल्याशिवाय कुणीच प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मी पण नाही. म्हणून खाली जे आकडे देतोय ते स्लॅब धड आहे असं धरून.

आता पैसे कुठे जातात ते बघू. तुमच्याएवढ्याच बाथरूमचं, वरच्याच मजल्यावरचं काम मी गेल्या वर्षी चोपड्याला केलं. त्याचे आकडे गोळाबेरीज करून देतो. तुमच्या गावात मजुरी, वाळू आणि वाहतूक यामुळे दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल.

तोडफोड आणि मलबा मिळून ११ हजार. लोक हे धरतच नाहीत. जुनी टाइल, तिच्याखालचा मसाला आणि त्याखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा गच्च पाण्याने भरलेला निघतो. तो घमेल्याने जिन्यावरून खाली आणायचा आणि ट्रॅक्टरच्या दोन खेपांनी बाहेर टाकायचा. प्लंबिंगचं सामान आणि मजुरी धरून १९ हजार: गरम-थंड दोन्हीसाठी सीपीव्हीसी म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप, कमोडला चार इंची आणि न्हाणीला तीन इंची सांडपाण्याची लाइन, ट्रॅप, वॉल्व्ह. वॉटरप्रूफिंग ११ हजार. सिमेंट, वाळू, उघड्या पडलेल्या भिंतींचं प्लास्टर आणि नवा कोबा, ९ हजार. हे झाले ५० हजार, आणि अजून एक टाइल लागलेली नाही.

टाइलचा हिशेब तुमच्यासमोरच करतो. पाच आणि सात फुटांच्या चार भिंतींचा घेर २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत लावायची तर १६८ चौरस फूट. दरवाजा आणि खिडकी वजा केली की साधारण १४६ उरतात. जमीन ३५. एकूण १८१, त्यात कापाकापीचे दहा टक्के, म्हणजे २०० चौरस फूट घ्या. पन्नास रुपये फुटाची टाइल १० हजारांत येते. लावायची मजुरी ९ हजार, चिकटवायचा अॅडहेसिव्ह आणि सांधे भरायचं ग्राउट ४ हजार. आता तुम्ही दुकानात भुरळ पडून शंभर रुपयांची टाइल घेतलीत तर १० हजार वाढतील, बस. उलट काटकसर म्हणून एक लांब आणि एक आखूड भिंत फक्त चार फुटांपर्यंत लावली, तर ३६ चौरस फूट वाचतात, म्हणजे मजुरीसह जेमतेम साडेतीन हजार. टाइल कमी करून बजेट बसत नाही, ते यामुळे.

राहिलं वरचं सामान. कमोड सीट आणि टाकीसह ८ हजार, बेसिन ३, नळ-मिक्सर-शॉवर-जेटस्प्रे १२, गिझरच्या पॉइंटसह वायरिंग ५, दरवाजा आणि एग्झॉस्ट फॅन ८ हजार. सगळं मिळून १ लाख ९ हजार. उरलेले १६ हजार तुम्ही बाजूला काढून ठेवा आणि ठेकेदाराला सांगूही नका. स्लॅबमध्ये काही निघालं, खालचा उभा पाइप फुटका निघाला, तर ते तिथे लागतील. तुमच्या सव्वा लाखात चांगलं काम होतं, हे मी जबाबदारीने सांगतोय.

जुने पाइप ठेवून काम करायचा मोह का टाळायचा, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी भुसावळला एका घरी मुलीचं लग्न तोंडावर होतं. मालक म्हणाले, पाइप चालू आहेत ना, मग हात नका लावू, जुन्या टाइलवरच नवीन लावून द्या. मी ऐकलं. आठ महिन्यांनी फोन आला, खालच्या खोलीचं छत ओलं झालं होतं. भिंत फोडली तर आतला लोखंडी जीआय पाइपचा एल्बो माझ्या हातात कुस्करला. लाल-तपकिरी पापुद्रे, आणि पाइपच्या आत क्षार साचून करंगळी जाईल एवढंच भोक उरलेलं. त्याच रंगाची टाइल पुन्हा मिळाली नाही, म्हणून एका भिंतीचा पट्टा वेगळाच दिसतो. ती दुरुस्ती मी माझ्या खर्चाने केली, पण त्या माउलीचं नवंकोरं बाथरूम डागाळलं ते डागाळलंच. तेव्हापासून पंचवीस वर्षं जुन्या घरात लोखंडी पाइप ठेवायचा असेल तर मी काम घेत नाही.

आपल्या खानदेशात पाण्याचा प्रश्न वेगळा धरावा लागतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधले दिवस बोअरवर निघतात, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं भारतीय मानक सांगतं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. सध्याच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे. अशा पाण्यात भिंतीत गाडलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते फिरवणारा वॉल्व्ह, क्षाराने अडकतो आणि त्याचा आतला भाग, कार्ट्रिज, बदलायला मिस्त्री शोधावा लागतो. बाहेर बसणारा साधा पितळी वॉल मिक्सर घ्या. त्याचा स्पिंडल (आतली फिरणारी दांडी) गावातला कुठलाही प्लंबर अर्ध्या तासात बदलून देतो. काळ्या रंगाचे मॅट नळ आणि काचेचं पार्टिशन यांवर महिन्याभरात पांढरे डाग दिसतील, आणि ते घासायचं काम शेवटी घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. दुसऱ्या ठेकेदाराच्या कागदावरून काचेची ओळ मी तरी बिनधास्त खोडेन.

रेन शॉवरचंही तसंच. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. तुमची टाकी गच्चीवर दोन-तीन फुटांच्या चौथऱ्यावर, शॉवर तिच्याखाली जेमतेम सहा-सात फूट, म्हणजे ०.२ बारच्या आसपास. मोठ्या रेन शॉवरला अर्धा ते एक बार तरी हवा. तो लावला तर पाणी झिरमिळत पडेल, मग प्रेशर पंप घ्या, त्याचे दहा-बारा हजार, त्याची वायरिंग, त्याचा आवाज. शॉवर चार हजारांचा आणि त्याच्यापायी खर्च पंधराचा. साधा हँड शॉवर घ्या. आईंना स्टुलावर बसून अंघोळ करायलाही तोच सोयीचा.

खर्च एका झटक्यात वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कमोडची जागा बदलणं. तुमच्या घराच्या काळातल्या आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला नसतो. कमोड समोरच्या भिंतीला न्यायचा तर चार इंची पाइप उतारासकट जमिनीतून न्यावा लागतो, त्यासाठी सगळी जमीन सहा-आठ इंच उचलावी लागते. दाराशी पायरी तयार होते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बाथरूम करायचं आणि त्याच्याच दाराशी पायरी बांधायची, याला अर्थ नाही. भांडं जिथे आहे तिथेच, फार तर त्याच रेषेत थोडं पुढेमागे, कमोड बसवा. कमोड विकत घेण्याआधी प्लंबरकडून भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या आणि तो आकडा खिशात ठेवूनच दुकानात जा. कमोड आधी आणला आणि अंतर जुळलं नाही, की जोड वाकडातिकडा होतो आणि पुन्हा तिथूनच गळतं.

वॉटरप्रूफिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची सगळी फजिती तिथेच झालेली दिसते. स्लॅब स्वच्छ उघडा झाला की कोपऱ्यांत मसाल्याची गोलाई द्यायची, पाइप जिथून स्लॅबमधून जातो तिथला खड्डा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचा, मग केमिकलचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, जमिनीवर पूर्ण आणि भिंतींवर किमान फूटभर. अंघोळीच्या कोपऱ्यात मी तो पाच-सहा फुटांपर्यंत नेतो. तो वाळला की न्हाणीचं तोंड फडकं आणि मसाल्याने बंद करून दोन-अडीच इंच पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारा. आता यात एक खाच आहे. मे-जूनच्या उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी उडूनच जातं, रेघ खाली आली की मालक घाबरतात आणि मिस्त्री म्हणतो, "उन्हाने आटलं." दोघांनाही पुरावा नसतो. म्हणून मी त्याच खोलीत पाण्याने भरलेलं एक पसरट टब ठेवतो आणि त्यालाही रेघ मारतो. टबातली पातळी जेवढी उतरली तेवढीच जमिनीवरची उतरली, तर उन्हाने आटलं. जमिनीवरची जास्त उतरली, तर कुठेतरी वाट सापडलीय. शिवाय दोन्ही दिवस संध्याकाळी खाली हॉलमध्ये उभं राहून छताला हात लावून बघायचं. ही परीक्षा पास झाल्याशिवाय टाइलचं एकही खोकं वर चढू देऊ नका. मिस्त्री घाई करेल, दुसरीकडे काम आहे म्हणेल. ते दोन दिवस तुमचे आहेत.

उतार फुटाला किमान एक सूत (इंचाचा आठवा भाग) ठेवा, अंघोळीच्या जागी दीड. टाइल लागली की मसाला ओला असतानाच मिस्त्रीसमोर एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. जमिनीला मॅट, न घसरणारी टाइलच, आणि शक्यतो फूट बाय फूट. लहान टाइलला उतार नीट बसतो, मोठ्या टाइलला कोपरे कापावे लागतात. आपल्याकडे बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे का ते दुकानातच वाचा, आणि एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर टाकून द्या.

विजेचं थोडक्यात. दोन किलोवॉटच्या गिझरला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चार चौरस मिलिमीटरची वायर. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच कामात बसवून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुनं अर्थिंगही काम करेनासं होतं, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. यात पैसे वाचवू नका.

मग वाचवायचे कुठे? जे भिंतीत आणि जमिनीत जाणार ते चांगल्यातलं घ्या, जे बाहेर दिसतं ते साधं घेतलं तरी चालतं. बेसिनखालचं कपाट, आरसा, भारीतले नळ हे दिवाळीलाही लावता येतील. गिझर चालू असेल तर तोच वापरा, फक्त आतला क्षार काढून घ्या. दरवाजा पीव्हीसीचा घ्या, चौकट ग्रॅनाइटची. आणि दरवाजा बाहेर उघडणारा करा. आई आत पडल्या तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं.

वेळेचं गणित करून ठेवा. तोडफोड दोन दिवस, प्लंबिंग तीन, वॉटरप्रूफिंग, पाणी भरणं आणि कोब्याला पाणी मारणं मिळून सात-आठ, टाइल चार, सांधे वाळायला दोन, फिटिंग दोन. वीस-एकवीस दिवस झाले. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, तिथून महिनाभर मागे मोजा आणि त्या दिवशी पहिला हातोडा पडला पाहिजे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मिस्त्री-मजूर गावी जातात ते आठ दिवस परत येत नाहीत, त्या सुमाराला काम सुरू करू नका. पाऊस सुरू झाला तरी आतलं काम थांबत नाही, उलट प्लास्टरला तडे कमी जातात. घरात दुसरं बाथरूम नसेल तर हे वीस दिवस आईंची सोय कुठे, हे आधी ठरवा.

आता दोन्ही ठेकेदारांना एकच कागद द्या, तुम्ही लिहिलेला. जुने सगळे पाइप काढून नवीन, जमीन स्लॅबपर्यंत उकरणं, मलबा बाहेर टाकणं, वॉटरप्रूफिंग आणि ४८ तासांची पाण्याची परीक्षा, दोनशे चौरस फूट टाइलची मजुरी, अॅडहेसिव्ह. टाइल, कमोड, नळ तुम्ही आणून देणार. या कागदावर दोघांचे दर घ्या. मला वाटतं दोघांच्या दरांतली तफावत बरीच कमी होईल, मग कोणाला काम द्यायचं ते तुम्हाला सहज ठरवता येईल. काम उक्तं द्या, रोजावर नको. पैसे टप्प्याने: सुरुवातीला पाचवा हिस्सा, पाण्याची परीक्षा झाल्यावर दुसरा मोठा हप्ता, टाइल लागल्यावर तिसरा, आणि शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस बाथरूम वापरून झाल्यावर. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही.

एक काम मात्र तुम्ही स्वतः करा. प्लास्टर करण्याआधी, पाइप उघडे असताना, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढा, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असे. आईंना धरायला स्टीलचा दांडा कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी लावावाच लागेल. त्यासाठी भिंतीत भोक पाडायच्या वेळी ते फोटो उघडा आणि पाइप किती इंचांवर आहे ते मिस्त्रीला दाखवा.